जादा कमावलं तर जादा कर, मग कमवायचं कशाला?

प्रश्न कुपवाड एमआयडीसीतल्या एका तरुण कारखानदाराचा आहे. लेथ आणि मिलिंगवर जॉबवर्क करतो. त्याच्याच शब्दांत सांगायचं तर: "वर्षाचा नफा साडेअकरा लाखांच्या आसपास आहे, कर शून्य. आता एक नवी ऑर्डर येतेय, खर्च जाऊन तीन लाख सुटतील. वडील म्हणतात, स्लॅब बदलला की सगळं करातच जाईल, आहे त्यात समाधान मान. आणि मला मुळात हेच पटत नाही. जो जास्त राबतो त्यालाच दर जास्त का? जास्त कमावणाऱ्याला दर कमी ठेवा, मग बघा लोक कसे कामाला लागतात. चढत्या दराचा कर म्हणजे मेहनतीवर दंडच नाही का?"

ऑर्डर घ्या. आकडे पुढे देतो, पण निर्णय लांबवू नका. 'स्लॅब बदलेल' या धास्तीने आलेलं काम परतवणारी माणसं मी सांगली-मिरजेत खूप पाहिली आहेत. मिरजेतले नर्सिंग होमवाले डॉक्टर, कॉलेजात शिकवणारे प्राध्यापक, दोन-तीन ट्रक बाळगणारे मालक, सगळ्यांत हा समज आहे आणि तो शिक्षणाने जात नाही.

आर्थिक वर्ष २०२५-२६ साठी नव्या करप्रणालीत पहिल्या ४ लाखांवर कर नाही. ४ ते ८ लाखांच्या टप्प्यावर ५ टक्के, ८ ते १२ वर १०, १२ ते १६ वर १५, १६ ते २० वर २०, २० ते २४ वर २५ आणि २४ लाखांच्या पुढे ३० टक्के. होणाऱ्या करावर ४ टक्के उपकर. यातला प्रत्येक दर त्या त्या टप्प्यापुरता असतो. घरच्या वीजबिलात पहिली १०० युनिटं एका दराने आणि पुढची वेगळ्या दराने लागतात, एकशेएकावं युनिट जाळलं म्हणून आधीची शंभर महाग होत नाहीत. तसंच हे.

आता तुमचं उत्पन्न साडेअकरावरून साडेचौदा लाखांवर गेलं असं धरू. वडिलांच्या हिशेबाने साडेचौदा लाखांवर सरसकट १५ टक्के, म्हणजे २,१७,५०० रुपये. खरा हिशेब असा: ४ ते ८ लाखांचे २०,०००, ८ ते १२ चे ४०,०००, आणि १२ च्या वरच्या अडीच लाखांचे ३७,५००. एकूण ९७,५००, त्यावर उपकर ३,९००, मिळून १,०१,४००. पूर्ण उत्पन्नाच्या सात टक्के. जादा कमावलेल्या तीन लाखांतले १,९८,६०० रुपये तुमच्या हातात राहतात.

तुम्ही हिशेबी आहात, तेव्हा लगेच विचाराल की टप्पा १५ टक्क्यांचा आणि तीन लाखांवर कर एक लाखाच्या वर, हे कसं? कारण तुमचा आजचा शून्य कर स्लॅबमुळे आलेला नाही. साडेअकरा लाखांवर स्लॅबप्रमाणे ५५,००० रुपये कर होतोच. पण करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर कलम ८७अ खाली ६०,००० रुपयांपर्यंतची सूट मिळते आणि तो कर पुसला जातो. बारा लाख ओलांडले की ही सूट जाते. म्हणजे तुम्ही फक्त नव्या टप्प्यात पाऊल टाकत नाही, जुनी माफीही मागे सोडता. आणि या एका जागी तुमचे वडील बरेचसे बरोबर आहेत.

ती जागा जवळून बघण्यासारखी आहे. बारा लाखांवर कर शून्य आणि बारा लाख दहा हजारांवर एकदम साडेएकसष्ट हजार, असा धक्का बसू नये म्हणून कायद्यात सीमांत सवलत ठेवली आहे: बारा लाखांच्या वर जितकं उत्पन्न, त्याहून जास्त कर नाही. बारा लाख दहा हजारांवर कर दहा हजार. ऐकायला दिलासा वाटतो. पण याचा दुसरा अर्थ असा की बारा लाखांच्या वरचा प्रत्येक रुपया पूर्णच्या पूर्ण करात जातो. शिवाय उपकर ही सवलत धरून झाल्यावर लागतो, त्यामुळे दहा हजार जादा कमावणारा १०,४०० भरतो. ही स्थिती १२,७०,५८८ रुपयांपर्यंत राहते. हातात पुन्हा बारा लाख पडायला उत्पन्न जवळजवळ १२ लाख ७४ हजार व्हावं लागतं.

म्हणून तुमचा नफा ११ लाख ९५ हजार असता आणि ऑर्डर सत्तर हजारांची असती, तर मी वेगळं उत्तर दिलं असतं. १२,६५,००० वर कर ६५,०००, उपकर २,६००, हातात ११,९७,४००. सत्तर हजारांच्या कामातून पडले फक्त २,४००. रात्रपाळी करायची, मशीन झिजवायचं, आणि हाती हे. अशा वेळी मी सांगतो की ज्या खर्चाला तुम्ही चालढकल करताय, तो याच वर्षात करा. मशीनची राहिलेली दुरुस्ती, मोजमापाच्या साधनांचं कॅलिब्रेशन, कामगारांचा बोनस. १२,६५,००० नफा असताना कामगारांना ६५,००० बोनस दिलात तर करपात्र उत्पन्न बारा लाखांवर येतं, कर शून्य होतो आणि तुमच्या हातात बारा लाख राहतात. म्हणजे बोनस न देता जितके राहिले असते त्यापेक्षा जास्तच. हे सगळं नियमात बसून, खरा खर्च करून, खात्यावर पैसे देऊन. खोटी बिलं लावणाऱ्यांची वाट वेगळी आहे, त्या वाटेला मी कुणाला पाठवत नाही.

जुन्या करप्रणालीत तर याहून वाईट जागा आहे. तिथे पाच लाखांपर्यंत १२,५०० ची सूट मिळते, पण सीमांत सवलत नाही. उत्पन्न ५,००,००० असेल तर कर शून्य, ५,००,०१० झालं तर उपकरासह तेरा हजार. दहा रुपयांपायी तेरा हजार. बँकेतल्या ठेवीचं थोडं व्याज धरायचं राहिलं आणि त्यामुळे ही रेषा ओलांडली गेली, असं पेन्शनर मंडळींच्या बाबतीत घडतं.

एवढं विस्ताराने सांगतोय कारण तुमचा सगळा राग चढत्या दरांवर आहे, आणि माणसाला जादा कमावण्यापासून खरोखर मागे खेचणारी गोष्ट ती नाही. टप्पा १० वरून १५ वर गेल्याने कोणी ऑर्डर सोडत नाही, सोडलीच तर चुकीच्या समजुतीने सोडतो. पण एक रुपया ओलांडला की मिळत असलेलं सगळंच जातं अशी रेषा जिथे असते, तिथे शहाणा माणूस खरोखर थबकतो. आणि अशा रेषा सगळ्यात दाट कुठे आहेत? करभरणा करणाऱ्यांच्या जगात नाहीत. त्या खाली आहेत.

पीएम किसानचे वर्षाला सहा हजार आणि राज्याच्या नमो शेतकरी योजनेचे सहा हजार, असे बारा हजार शेतकरी कुटुंबाला मिळतात. आधीच्या वर्षी प्राप्तिकर भरला असेल तर ते कुटुंब अपात्र. मग तासगाव-पलूसकडचा एखादा शेतकरी, ज्याने ट्रॅक्टर भाड्याने देऊन किंवा दुकान टाकून थोडं बिगरशेती उत्पन्न उभं केलंय, तो हजार-दोन हजार कर लागण्याच्या काठावर आला की त्याच्या दृष्टीने खरा फटका त्या कराचा नसतो, या बारा हजारांचा असतो. लाडकी बहीण योजनेत कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख, महिन्याला दीड हजार, म्हणजे वर्षाला अठरा हजार. मुलींच्या व्यावसायिक शिक्षणाची फी २०२४ पासून माफ झाली, ती आठ लाखांच्या आतल्या ठराविक प्रवर्गांतल्या कुटुंबांना. इस्लामपूर-सांगलीकडच्या इंजिनिअरिंग कॉलेजची फी डोळ्यांसमोर आणा आणि मग सांगा, सात लाख नव्वद हजारांवर असलेल्या बापाने आणखी वीस हजारांचं काम घ्यावं का? त्याच्यासाठी त्या वीस हजारांवरचा दर शंभर टक्क्यांच्या कितीतरी पुढे जाऊ शकतो.

मी योजनांच्या विरोधात नाही. गरजवंताला मदत मिळायलाच हवी. मदत एका रुपयावर तुटते, ती हळूहळू कमी होत जायला हवी, एवढंच माझं म्हणणं आहे आणि ते मी तळमळीने मांडतो. इंग्लंडमध्येही हा घोळ आहे, फक्त वरच्या अंगाला: एक लाख पौंडांच्या वर उत्पन्न गेलं की करमुक्त भत्ता दर दोन पौंडांमागे एक पौंडाने कमी होत जातो, त्यामुळे १,२५,१४० पौंडांपर्यंतच्या पट्ट्यात ४० टक्क्यांचा दर प्रत्यक्षात ६० होतो, आणि त्याच्या पुढे पुन्हा ४५ वर उतरतो.

आता तुमच्या दुसऱ्या म्हणण्याकडे येतो: कमाई वाढेल तसा दर उतरता ठेवावा. याला पुस्तकात प्रतिगामी कर म्हणतात. यात श्रीमंताने रुपयांत कमी भरावं असं नसतं, उत्पन्नाच्या प्रमाणात त्याचा वाटा कमी होत जातो.

तर्क तुमचा अगदीच पोकळ नाही. माणूस जादा काम घ्यायचं की नाही हे ठरवताना एकूण कर किती भरतो हे बघत नाही, पुढच्या शंभर रुपयांतले किती राहतील हे बघतो. शेवटच्या रुपयावरचा हा दर, म्हणजे सीमांत दर, जितका कमी तितकी ओढ जास्त. जेम्स मिरलीस या अर्थशास्त्रज्ञाने १९७१ साली यावर गणित मांडलं होतं आणि पुढे १९९६ मध्ये त्याला नोबेल मिळालं. त्या गणिताच्या एका रूपात तर सगळ्यात वर असलेल्या माणसाच्या शेवटच्या रुपयावर कर शून्य असावा असं निघतं. म्हणजे विद्वानांनीही हा विचार केलेला आहे.

पण आपण आपल्याच गावातल्या तीन माणसांवर तो लावून बघू. तुमच्याकडे मशीनवर काम करणारा ऑपरेटर, वर्षाला तीन लाख. तुम्ही, ऑर्डर धरून साडेचौदा लाख. आणि मिरजेतला एखादा नावाजलेला सर्जन, साठ लाख. आजच्या दराने ऑपरेटरला शून्य, तुम्हाला १,०१,४००, सर्जनला अधिभार (मोठ्या उत्पन्नावर लागणारा जादा कर) आणि उपकर धरून १५,७८,७२०. तिघांचे मिळून १६,८०,१२०. आता तुमच्या मनासारखा कर लावू: दहा लाखांपर्यंत २० टक्के, त्यावर १० टक्के. ऑपरेटर भरेल ६०,०००. तुम्ही २,४५,०००. सर्जन ७,००,०००. एकूण १०,०५,०००.

हे आकडे शांतपणे पाहा. पुढच्या रुपयावर तुम्हाला आज १५.६ पैसे कर आहे, तो १० पैसे झाला. या साडेपाच पैशांच्या ओढीसाठी तुम्ही १,४३,६०० रुपये जादा भरलेत. ऑपरेटरच्या पुढच्या रुपयावर आज काहीच कर नाही, तो वीस पैसे झाला. त्याचा ओव्हरटाइम कायद्याने दुप्पट दराने मिळतो, त्या दुप्पटीलाच कात्री लागली. कमावण्याची ओढ ज्याची खरंच वाढली तो एकटा सर्जन. आणि तिजोरीत तरीही पावणेसात लाख कमी आले, ते भरून काढायचे तर खालचा दर आणखी चढवावा लागेल. वर उत्तेजन द्यायचं तर ते खालून काढून घ्यावं लागतं, आणि खाली माणसं जास्त आहेत.

तुम्ही म्हणाल, साठ हजार भरायचे म्हणून ऑपरेटर झक्कत जादा काम करेल. करेल, बरोबर आहे. कराचे माणसावर दोन उलटसुलट परिणाम होतात. पुढच्या रुपयातलं कमी राहणार म्हणून एकजण काम कमी करतो; घरात पैसे कमी पडले म्हणून दुसरा जास्त करतो. घराचा हप्ता, पोरांची फी, आईचं औषधपाणी ठरलेलं असतं, ते भरायला माणूस अंग मोडून राबतो. पण ही नड झाली, ओढ नाही. नडीने राबणारा माणूस चार तास जादा ओव्हरटाइम करतो, सीएनसीचा, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनचा, कोर्स करत नाही. पोराला आयटीआयला घालण्याऐवजी शेजारच्या शेडमध्ये हेल्पर म्हणून लावतो. दहा वर्षांनी तुम्हालाच कुशल माणूस मिळत नाही, आणि आजही मिळत नाही ही तुमची तक्रार मी ऐकलेली आहे.

उतरत्या वजनाचा कर आपल्याकडे कुठे आहे ते बघायचं तर लांब जायला नको. व्यवसाय कर घ्या. महाराष्ट्रात महिना दहा हजारांच्या वर पगार असलेला पुरुष कर्मचारी वर्षाला २,५०० रुपये भरतो. स्त्रियांना पंचवीस हजारांपर्यंत माफी आहे. राज्यघटनेच्या २७६व्या कलमाने २,५०० ही कमाल ठरवून दिली आहे, ती १९८८ पासून तशीच आहे. महिना बारा हजार मिळवणाऱ्या वॉचमनला हा कर उत्पन्नाच्या पावणेदोन टक्क्यांच्या जवळ जातो, महिना दोन लाख मिळवणाऱ्या मॅनेजरला एक दशांश टक्का. मॅनेजरच्या पुढच्या रुपयावर या कराचा भार शून्य आहे. म्हणून कोणी मॅनेजर जास्त राबल्याचं मला तरी दिसलेलं नाही. वॉचमनच्या चुलीवर मात्र तो जाणवतो.

आणि याचं सगळ्यात मोठं उदाहरण तर आपल्याच मुलखाच्या इतिहासात आहे. इंग्रजांनी मुंबई इलाख्यात रयतवारीची, म्हणजे जमिनीचा सारा थेट शेतकऱ्याकडून घेण्याची, पद्धत बसवली. विंगेट आणि गोल्डस्मिड या अधिकाऱ्यांनी १८३० च्या दशकात इंदापूरपासून मोजणी सुरू केली, जमिनीची प्रत लावून दर एकरी सारा ठरवला आणि तो तीस वर्षांसाठी कायम केला. सातारचं राज्य १८४८ साली खालसा झाल्यावर तो मुलूखही त्या पद्धतीखाली आला. उत्तेजनाच्या दृष्टीने बघितलं तर तुमच्या मनातला कर हाच: पीक दुप्पट काढलं तरी सारा तेवढाच, वाढीव पिकावर दर शून्य. काही वर्षं लागवड वाढली, हे खरं. पण सारा पीक बघत नव्हता. पाऊस पडो न पडो, ठरल्या तारखेला रोख भरायचा. सारा भरायला सावकार, सावकाराच्या व्याजाला जमीन. पुढे अमेरिकेतलं यादवी युद्ध संपून कापसाचे भाव पडले, त्यात फेरआकारणीने सारा वाढला, आणि १८७५ साली पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात सावकारांच्या वह्या जाळल्या गेल्या. लागोपाठ १८७६ चा दुष्काळ आला. १८७९ मध्ये सरकारला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी वेगळा संरक्षण कायदा करावा लागला, तो ज्या चार जिल्ह्यांना लावला त्यांत पुणे, सोलापूर आणि नगरबरोबर सातारा होता. उत्पन्नाकडे न बघणारा कर चांगल्या वर्षी उत्तेजन देतो, वाईट वर्षी जमीन घेऊन जातो.

आजच्या काळात उघडपणे उतरत्या दराचा प्राप्तिकर लावून बघितला तो स्वित्झर्लंडच्या ओबवाल्डन नावाच्या छोट्या प्रांताने. २००६ पासून त्यांनी तीन लाख फ्रँकच्या वरच्या उत्पन्नाला दर उतरता ठेवला. तिथल्या लोकांनी मतदानाने हे मंजूर केलं होतं. हेतू काय होता? स्थानिकांनी जास्त काम करावं हा नव्हता, शेजारच्या प्रांतांतल्या श्रीमंतांनी राहायला यावं हा होता. जून २००७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो घटनाविरोधी ठरवला, कारण ज्याची जितकी ऐपत त्याने तितका भार उचलावा हे त्यांच्या घटनेतलं तत्त्व आहे. मग २००८ पासून ओबवाल्डनने सर्वांना एकच दर लावला.

चढता दर कितीही चढला तरी चालतो असं मात्र मी म्हणणार नाही. आपल्याकडे १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला सर्वांत वरच्या टप्प्यावर अधिभार धरून ९७.७५ टक्के दर होता. शंभर रुपयांतले सव्वादोन रुपये कमावणाऱ्याचे. तेव्हा काम थांबलं नाही, काम कागदावरून गेलं. वांच्छू समितीने काळ्या पैशाची चौकशी करून हा दर खाली आणा असंच सुचवलं. तो टप्प्याटप्प्याने उतरत गेला, १९८५ मध्ये ५० टक्क्यांवर आला आणि १९९७ पासून १०, २०, ३० अशी तीन पायऱ्यांची रचना झाली. दर जास्त झाला की आधी मेहनत कमी होत नाही, आधी खरेपणा कमी होतो, हे मी करसल्ल्याच्या या धंद्यात राहून ठामपणे सांगू शकतो. तीस टक्क्यांच्या आसपास बहुतेक माणसं सरळ भरतात आणि आपापल्या कामाला लागतात.

चढत्या दराचे खरे दोष सांगायचे तर दोन आहेत, आणि त्यांबद्दल लोक फारसं बोलत नाहीत.

पहिला दोष हा की तो चढउताराच्या धंद्यावर अन्याय करतो. एका ठेकेदाराला एका वर्षी सहा लाख सुटले, दुसऱ्या वर्षी वीस. पहिल्या वर्षी कर शून्य, दुसऱ्या वर्षी २,०८,०००. त्याच्याच शेजाऱ्याला दोन्ही वर्षी तेरा-तेरा लाख मिळाले, त्याने ७८,००० दोनदा, म्हणजे १,५६,००० भरले. कमाई सारखी, कर बावन्न हजार जास्त. विटा-खानापूर-आटपाडीकडून देशभर गेलेली आपली गलाईवाली (सोनं-चांदी गाळणारी) माणसं, कंत्राटदार, मिरजेत सतार-तंबोरे घडवणारे कारागीर, यांची वर्षं एकसारखी नसतात. पगारदाराला थकबाकी एकरकमी मिळाली तर कलम ८९ खाली सवलत आहे. झेडपीच्या शिक्षकांना वेतन आयोगाचा फरक मिळाला की आम्ही फॉर्म १०ई भरून ती घेतो. धंदेवाल्याला तोटा आठ वर्षं पुढे ओढता येतो, पण नफ्याची सरासरी काढता येत नाही. ती काढता यावी असं मला मनापासून वाटतं.

दुसरा दोष: उत्पन्न वाटून दाखवण्याचा मोह. एकाच्या नावावर चोवीस लाख आणि दोघांच्या नावावर बारा-बारा, यात तीन लाखांहून जास्त कराचा फरक पडतो. म्हणून बायकोच्या नावावर फर्म, एचयूएफचं (हिंदू अविभक्त कुटुंबाचं) खातं, हे सगळं सुरू होतं. बायको खरोखर काम करत असेल, हिशेब बघत असेल, तर तिला पगार द्या, तो तिचा हक्कच आहे. नुसतं नाव लावलं असेल तर ते उत्पन्न कायद्याने तुमच्यातच मिळवलं जातं.

शेतीचं एक सांगायला हवं, कारण तुमच्या घरी ऊस आहे असं तुम्ही लिहिलंय. शेतीच्या उत्पन्नाला केंद्राचा कर नाही, पण ते दर ठरवताना हिशेबात येतं, हे आपल्या भागात निम्म्या लोकांना माहीत नसतं. समजा बिगरशेती उत्पन्न चौदा लाख आणि उसाचं निव्वळ उत्पन्न आठ लाख. नुसत्या चौदा लाखांवर कर ९०,०००. पण पद्धत अशी आहे की आधी बावीस लाखांवर कर काढायचा, तो २,५०,००० येतो. मग शेतीचे आठ आणि करमुक्त मर्यादेचे चार असे बारा लाख धरून त्यावरचा ६०,००० वजा करायचा. राहिले १,९०,०००. ऊस करमुक्तच राहिला, पण त्याने तुमच्या वर्कशॉपच्या नफ्याला २५ टक्क्यांच्या टप्प्यापर्यंत नेलं. सात-बारा वडिलांच्या नावावर असेल आणि शेती तेच करत असतील तर ते उत्पन्न त्यांचं, तुमच्या हिशेबात ते धरायचं नाही. तुमच्या नावावर असेल तर वरचे माझे आकडे बदलतील, म्हणून साखर कारखान्याची बिलं आणि खर्चाच्या पावत्या घेऊन या. दुधाचा धंदा मात्र शेती उत्पन्नात बसत नाही, तो वेगळा धरावा लागतो.

आता कामाचं. ऑर्डर घेतलीत की आगाऊ कराकडे लक्ष द्या. आजवर कर शून्य असल्याने तुम्ही तो कधी भरलेला नाही. वर्षाचा कर दहा हजार किंवा त्याहून जास्त होणार असेल तर १५ जूनपर्यंत १५ टक्के, १५ सप्टेंबरपर्यंत ४५, १५ डिसेंबरपर्यंत ७५ आणि १५ मार्चपर्यंत पूर्ण कर भरायचा असतो, नाहीतर व्याज लागतं. विक्रीच्या ठराविक टक्के नफा अंदाजाने दाखवण्याची योजना घेतली असेल तर एकदाच, १५ मार्चपर्यंत. पार्टीने बिलावर टीडीएस (पैसे देतानाच कापलेला कर) कापला असेल तर तेवढा वजा धरा, पण तुमच्या नावावर जमा झालेला कर दाखवणाऱ्या फॉर्म २६एएस मध्ये तो उतरलाय का ते आधी तपासा. काही पार्ट्या कापतात आणि वेळेत जमा करत नाहीत.

नवं मशीन घ्यायचा विचार असेल तर तो ऑर्डरच्या गरजेने करा. साध्या यंत्रांवर घसारा (झिजेपोटी मिळणारी वजावट) १५ टक्के मिळतो, आणि वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाला तर निम्माच. जानेवारीत चार लाखांचं मशीन बसवलंत तर यंदा वजावट तीस हजारांची, कर वाचेल पाच हजारांच्या आत. तेवढ्यासाठी चार लाख अडकवू नका. आणि करप्रणाली बदलण्याची घाई नको: धंद्याचं उत्पन्न असलेल्याला नव्यातून जुन्यात जाता येतं, तिथून पुन्हा नव्यात परत आलं की जुन्याचं दार कायमचं बंद होतं. २०२५-२६ चं विवरणपत्र १९६१ च्याच कायद्याखाली भरायचं आहे. १ एप्रिल २०२६ पासून नवा कायदा लागू, त्यात कलमांचे आकडे बदललेत, त्यामुळे त्यापुढच्या वर्षांसाठी माझं हे उत्तर समोर ठेवून कलमं शोधू नका.

वडिलांना १,९८,६०० हा आकडा कागदावर मांडून दाखवा, टप्प्याटप्प्याने, वर दिलाय तसा.